अंगावर पुरळ उठलं आणि मनात एचआयव्हीची शंका आली, तर

रात्री घरातले सगळे झोपले की मोबाइलवर गुपचूप एक प्रश्न विचारला जातो: ‘एचआयव्हीचं पुरळ कसं दिसतं?’ छातीवर चार लालसर ठिपके आलेले असतात, महिन्याभरापूर्वी घडलेलं काहीतरी मनाला खात असतं आणि समोर फोटोंची रांग लागते. गुलाबी पुरळ, जांभळे चट्टे, पाण्याने भरलेले फोड. त्यातला एखादा तरी आपल्या अंगावरच्यासारखा वाटतोच. काही जण दुसऱ्या दिवशी तपासणीला जातात. पुष्कळ जण जात नाहीत. ते महिनोन्‌महिने रोज आरशात अंग बघत राहतात.

अशा प्रत्येकाला सगळ्यात आधी हे सांगायला हवं की एचआयव्हीचं म्हणून ओळखता येईल असं एकच एक पुरळ नसतं. कातडीकडे नुसतं बघून ‘तुम्हाला एचआयव्ही आहे’ असं कितीही अनुभवी त्वचारोगतज्ज्ञ सांगू शकत नाही, आणि ‘नाही’ असंही सांगू शकत नाही. ते रक्त तपासूनच कळतं. तरीही कातडीकडे काणाडोळा करून चालत नाही. अनेकांच्या बाबतीत आतली गडबड पहिल्यांदा त्वचेवरच दिसते. त्या वेळी कोणी ‘एकदा एचआयव्हीची तपासणी करून घ्या’ म्हटलं, तर उपचार कित्येक वर्षं आधी सुरू होऊ शकतात.

विषाणू रक्तात, मग त्रास कातडीला का?

एचआयव्ही हा विषाणू एका ठरावीक प्रकारच्या पांढऱ्या पेशींमध्ये शिरतो आणि त्यांचा नाश करतो. त्यांना सीडी४ पेशी म्हणतात. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये त्या साधारण ५०० ते १५०० असतात. उपचार नसतील तर हा आकडा वर्षागणिक खाली येतो. तो २०० च्या खाली गेला किंवा काही ठरावीक गंभीर आजार झाले, की त्या अवस्थेला एड्स म्हणतात. तिथवर पोहोचायला बहुतेकांना आठ-दहा वर्षं लागतात. त्यातली बरीचशी वर्षं माणूस धडधाकट दिसतो, कामावर जातो, आणि आपल्याला संसर्ग आहे हे त्याला ठाऊकही नसतं.

सीडी४ पेशींचं काम ऊसतोडीच्या टोळीतल्या मुकादमाचं असतं. कोणी कुठल्या फडात शिरायचं, किती जणांनी जायचं, काम कधी थांबवायचं, हे तो ठरवतो. मुकादम गेला तरी माणसं असतात, कोयते असतात. पण एका फडात ऊस तसाच उभा राहतो आणि दुसऱ्या फडात भलतेच लोक घुसून नको ते तोडतात. सीडी४ कमी झाल्यावर शरीरात असेच दोन्ही प्रकार होतात. एरवी सहज आटोक्यात राहणारी बुरशी, विषाणू आणि किडे कातडीवर माजतात. शिवाय डासाच्या चाव्यासारख्या किरकोळ गोष्टीवर किंवा एखाद्या साध्या गोळीवर शरीर नको इतकं चवताळून उठतं. एचआयव्हीसोबत दिसणाऱ्या त्वचेच्या बहुतेक तक्रारी यांपैकी एका प्रकारात बसतात.

संसर्गानंतर दोन ते चार आठवड्यांनी येणारं पुरळ

इंटरनेटवर सर्वाधिक घबराट याच पुरळाची असते. विषाणू शरीरात शिरल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांनी अनेकांना फ्लूसारखा आजार होतो: ताप, घसा दुखणं, मानेत-काखेत गाठी, अंगदुखी, कधी तोंडात छाले. ताप आल्यानंतर दोन-तीन दिवसांनी काहींच्या छातीवर, मानेवर, चेहऱ्यावर बारीक, सपाट किंवा किंचित उठलेले डाग येतात. क्वचित तळहात-तळपायांवरही येतात. खाज बहुधा नसते, असली तरी थोडी असते. आठवडाभरात ते आपोआप मावळतात आणि माणसाला वाटतं, व्हायरल होतं, गेलं. काहींना तर यातलं काहीच होत नाही.

ही लक्षणं डेंग्यूचीही आहेत, चिकुनगुनियाची आहेत, गोवराची आहेत. घशासाठी घेतलेल्या एखाद्या अँटिबायोटिकच्या अ‍ॅलर्जीचीही असू शकतात. आपल्याकडे पावसाळ्यात ताप आणि पुरळ एकत्र आलं तर डॉक्टर आधी डेंग्यू तपासतात, आणि ते बरोबरच आहे. पण मागच्या महिन्या-दीड महिन्यात कंडोमशिवाय संबंध आला असेल किंवा दुसऱ्याची सुई वापरली गेली असेल, तर ते डॉक्टरांना सांगायला हवं. न सांगता त्यांना ते कळणार नाही, आणि डेंग्यूचा रिपोर्ट निगेटिव्ह आला की विषय तिथेच संपतो.

फोटोंबद्दलही एक सांगायचं आहे. इंटरनेटवरची बहुतेक छायाचित्रं गोऱ्या कातडीवरची असतात. तिथे जे गुलाबी-लाल दिसतं, ते सावळ्या कातडीवर तपकिरी, काळपट किंवा जांभळट दिसतं, आणि फिकट असेल तर ट्यूबलाइटखाली नजरेलाच येत नाही. त्या फोटोंमध्ये हमखास दिसणारे जांभळे चट्टे कपोसी सार्कोमा नावाच्या कर्करोगाचे असतात. १९८१ साली न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियातल्या तरुण पुरुषांमध्ये हा कर्करोग दिसू लागला आणि त्यातूनही जगाला या आजाराची चाहूल लागली, म्हणून ते चित्र सगळीकडे राहिलं. भारतात तो फार क्वचित आढळतो. आपल्या अंगाशी ते फोटो ताडून पाहण्यात काही अर्थ नाही.

तळहात आणि तळपायांवर न खाजणारे तांबूस डाग आले असतील, तर सिफिलिस या गुप्तरोगाचीही तपासणी व्हायलाच हवी. तो एचआयव्हीच्याच वाटेने येतो, अनेकदा सोबतीने येतो, आणि पेनिसिलिनच्या इंजेक्शनने बरा होतो. त्यासाठी सरकारी रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं.

तपासणी आजच करू की थांबू?

असुरक्षित संबंध येऊन किंवा दुसऱ्याची सुई वापरून ७२ तास उलटले नसतील, तर पुरळाची वाट पाहत बसू नका. लगेच डॉक्टर गाठा. संसर्ग रोखणारी औषधं २८ दिवस घ्यावी लागतात. ती जितकी लवकर सुरू होतील तितकी उपयोगी पडतात. ७२ तासांनंतर त्यांचा भरवसा राहत नाही.

ती मुदत टळली असेल, तर तपासणीचं गणित समजून घ्यावं लागतं. संसर्ग झाल्यावर तो चाचणीत दिसायला काही दिवस जातात. या मधल्या काळाला विंडो पिरियड म्हणतात. विषाणूचा अंश आणि त्याविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडं (अँटिबॉडी) दोन्ही शोधणारी प्रयोगशाळेतली चाचणी साधारण १८ ते ४५ दिवसांत संसर्ग पकडते. फक्त प्रतिपिंडं शोधणाऱ्या चाचण्यांना २३ ते ९० दिवस लागू शकतात. विषाणूची जनुकीय सामग्री थेट शोधणारी महागडी चाचणी १० ते ३३ दिवसांत सांगते. म्हणून ताप-पुरळ चालू असताना केलेली साधी चाचणी निगेटिव्ह आली, तरी तीन महिन्यांनी ती पुन्हा करायला सांगतात. मधल्या काळात कंडोम वापरायचा आणि रक्तदान करायचं नाही. हा काळ धोक्याचा असतो. चाचणीत काही दिसत नसलं तरी रक्तातलं विषाणूंचं प्रमाण या दिवसांत प्रचंड असतं आणि संसर्ग सहज पुढे जातो.

वर्षानुवर्षांनी दिसणाऱ्या खुणा

पहिल्या पुरळाची धास्ती सगळ्यांना असते, पण माझ्या मते खरी काळजी इथे घ्यायला हवी. संसर्ग होऊन पाच-सहा वर्षं झाली आहेत, माणसाला कल्पना नाही, सीडी४ हळूहळू उतरत आहेत, आणि तो त्वचेच्या एका तक्रारीसाठी या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरतो आहे. मलमं बदलतात, पण एचआयव्हीची तपासणी कोणी सुचवत नाही. विवाहित बाई असेल, वयस्कर माणूस असेल, तर डॉक्टरांनाही विचारायचा संकोच वाटतो.

उष्ण प्रदेशांत याचं सर्वात नेहमीचं रूप म्हणजे खाजऱ्या पुटकुळ्या. दंडांच्या आणि हातांच्या बाहेरच्या बाजूला, पायांवर, पाठीवर बारीक टणक पुटकुळ्या येतात. दोन्ही बाजूंना सारख्याच येतात. तळहात-तळपाय मात्र सुटतात. खाज इतकी की रात्री झोप लागत नाही. खाजवून टोकं फुटतात, खपल्या धरतात आणि तिथे काळे डाग उरतात. जुन्या डागांमध्ये नव्या पुटकुळ्या उगवत राहतात. युगांडात डॉक्टरांनी अशा पुटकुळ्यांचे तुकडे तपासले, तेव्हा डास-किड्यांच्या चाव्यावर शरीराने दिलेली ती अतिरेकी प्रतिक्रिया असावी असं दिसलं. मुकादम नसलेल्या टोळीचा हाच तो दुसरा प्रकार. घरातल्या सगळ्यांनाच रात्री खाज सुटत असेल आणि बोटांच्या बेचक्यांतही पुरळ असेल, तर ती बहुधा खरूज असते. पण एकट्यालाच, महिनोन्‌महिने, हातपायांवर अशा पुटकुळ्या येत असतील तर रक्त तपासायला हवं. असा त्रास होणाऱ्या एचआयव्हीबाधितांत सीडी४ बहुतेकदा २०० च्या आसपास किंवा त्याखाली आलेले असतात.

दुसरी मोठी खूण म्हणजे नागीण. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी निपचित पडून राहतो. प्रतिकारशक्ती ढिली झाली की तो एका मज्जातंतूच्या वाटेने बाहेर येतो आणि छातीच्या किंवा कमरेच्या एका बाजूला आगआग होणाऱ्या फोडांचा पट्टा उठतो. ‘नागिणीने वेढा पुरा केला की माणूस जातो’ ही भीती अजून गावोगाव आहे. शरीराच्या डाव्या आणि उजव्या बाजूचे मज्जातंतू वेगळे असतात, त्यामुळे पट्टा छातीच्या किंवा पाठीच्या मधोमध येऊन थांबतो. मंत्र आणि लेपांत दिवस घालवू नयेत. विषाणूविरोधी गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तर सर्वाधिक गुण येतो. साठीनंतर नागीण होणं नेहमीचं आहे. पण तिशी-पस्तिशीतल्या माणसाला झाली, पुन्हा झाली किंवा एकाहून जास्त पट्ट्यांत पसरली, तर मधुमेहासोबत एचआयव्हीचीही तपासणी करून घ्यावी.

कोंड्याचंही तसंच. डोक्यातला कोंडा कोणालाही होतो. पण तो भुवया, नाकाच्या बाजूच्या घड्या, कानामागे आणि छातीवर तेलकट, पिवळट पापुद्र्यांसह अचानक जोरात पसरला आणि शाम्पूला दाद देईनासा झाला, तर विचार करावा. मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर मधोमध खळगा असलेले, मोत्यासारखे चमकणारे बारीक फोड मोठ्या संख्येने आले तर तोही इशारा असतो. मोलस्कम नावाचा हा विषाणूजन्य आजार लहान मुलांत अगदी सामान्य आहे आणि आपोआप बरा होतो, त्यामुळे मुलाच्या अंगावर असे दाणे दिसले म्हणून घाबरायचं कारण नाही. मणिपूर आणि आसपासच्या भागात राहून आलेल्या माणसाला असेच खळगा असलेले फोड, सोबत ताप आणि वजनातली घट असेल, तर तो टॅलरोमायसिस हा जिवावर बेतणारा बुरशीचा आजार असू शकतो. फोडाचा तुकडा तपासल्याशिवाय हा फरक कळत नाही.

तोंडही पाहावं. जिभेवर आणि गालांच्या आत पांढरे थर येतात, कापसाने पुसले की निघतात आणि खाली लालभडक, झोंबणारी जागा दिसते. अँटिबायोटिकचा कोर्स, दम्याचा पंप, कवळी, मधुमेह यांपैकी काहीच नसताना तरुण माणसाला हे झालं, तर तपासणी टाळू नये.

‘माझं गजकर्ण वर्षभर जात नाहीये. म्हणजे एचआयव्ही?’

बहुधा नाही. गेली काही वर्षं भारतभर गजकर्णाची साथच आहे. नेहमीच्या औषधांना दाद न देणारी बुरशी पसरली आहे आणि तीत स्टिरॉइड मिसळलेल्या मलमांनी भर घातली आहे. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणारं असं मलम लावलं की दोन दिवसांत खाज थांबते, बुरशी मात्र खाली पसरत राहते आणि चट्ट्याचं रूपच पालटतं. धडधाकट माणसांची अख्खी कुटुंबं यात अडकली आहेत. ते मलम थांबवा, त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि सांगितलेले सगळे दिवस गोळ्या घ्या. एचआयव्हीची तपासणीही हवी तर करून घ्या, ती मोफत आहे; पण नुसत्या गजकर्णामुळे रात्री जागू नका. स्पर्श न कळणारा फिकट चट्टा असेल तर तो कुष्ठरोगाचा असू शकतो. त्याचा एचआयव्हीशी संबंध नाही आणि त्यावरही सरकारी रुग्णालयात मोफत, खात्रीचा उपचार आहे.

पुरळाला हात लागला तर?

पुरळाला हात लागल्याने एचआयव्ही पसरत नाही. एकाच टॉवेलने, साबणाने, ताटाने, मिठीने किंवा डासानेही पसरत नाही. असुरक्षित लैंगिक संबंध, दूषित सुई, दूषित रक्त आणि आईकडून बाळाला, या चारच वाटा आहेत. काही त्वचारोग मात्र स्वतःच्या वेगळ्या कारणाने पसरतात. खरूज असेल तर सगळ्या घराने एकदम उपचार घ्यायचा. नागिणीच्या ओल्या फोडांमधून कांजिण्या न झालेल्या माणसाला कांजिण्या होऊ शकतात, म्हणून ते फोड झाकून ठेवायचे.

नियमित उपचारांवर ज्याच्या रक्तातला विषाणू चाचणीत दिसेनासा झाला आहे आणि तसाच राहिला आहे, त्याच्याकडून लैंगिक संबंधातूनही जोडीदाराला संसर्ग होत नाही. शेकडो जोडप्यांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून झालेल्या अभ्यासांत अशी एकही लागण आढळली नाही. ही बातमी घराघरांत पोहोचायला हवी होती. आजही अनेक घरांत त्या माणसाचं ताट वेगळं ठेवतात.

‘तपासणीला गेलो तर गावभर होईल’

ही भीती खरी आहे आणि तिला हसण्यात अर्थ नाही. पण व्यवस्था काय आहे ते माहीत असावं. जिल्हा, उपजिल्हा आणि बहुतेक ग्रामीण रुग्णालयांत आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन व तपासणी केंद्र असतं. आधी समुपदेशक बंद खोलीत बोलतात आणि तुमची संमती घेतात. मग थोडं रक्त घेतलं जातं. रिपोर्ट बहुधा त्याच दिवशी मिळतो आणि तो तुमच्याच हातात दिला जातो. एका चाचणीवरून कोणालाही पॉझिटिव्ह ठरवत नाहीत. तीन वेगवेगळ्या चाचण्यांनी खात्री केली जाते. हे सगळं मोफत आहे. आपल्या तालुक्यात केंद्र नको वाटत असेल तर दुसऱ्या तालुक्यात जा, कोणी अडवत नाही. केंद्र कुठे आहे ते १०९७ या मोफत हेल्पलाइनवर विचारता येतं.

२०१७ चा एचआयव्ही आणि एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी करायला, संमतीशिवाय निकाल दुसऱ्याला सांगायला आणि एचआयव्हीच्या कारणावरून नोकरी, शाळा, भाड्याचं घर किंवा उपचार नाकारायला त्यात मनाई आहे. महाराष्ट्रात एचआयव्हीसह जगणाऱ्यांची संख्या देशातल्या इतर कुठल्याही राज्यापेक्षा जास्त आहे. तेव्हा आयसीटीसीतल्या समुपदेशकाला तुमची गोष्ट नवी नसते.

औषधं सुरू केल्यावरच पुरळ उठलं तर?

भारतात एचआयव्हीवरची औषधं, म्हणजे एआरटी, २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. २०१७ पासून सीडी४ कितीही असले तरी उपचार लगेच सुरू करण्याचं धोरण आहे. आज बहुतेकांना टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि डोलुटेग्राविर यांची मिळून रोज एक गोळी दिली जाते. तिने पुरळ क्वचितच येतं. पूर्वी सर्रास वापरल्या जाणाऱ्या नेविरापिनने मात्र साधारण सहापैकी एकाला पुरळ यायचं. ‘एचआयव्हीची औषधं अंगावर फुटतात’ हा समज तेव्हाचा आहे. आता पुरळाचं नेहमीचं कारण म्हणजे सीडी४ कमी असणाऱ्यांना इतर संसर्ग टाळण्यासाठी दिली जाणारी कोट्रायमोक्साझोलची गोळी. ती सुरू केल्यावर दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास खाजरं पुरळ येऊ शकतं.

साधं पुरळ आणि थोडी खाज असेल तर गोळ्या स्वतःहून बंद करू नका. एआरटी केंद्रात दाखवा. पुरळ कोणत्या औषधाने आलं ते तिथे ठरवतात आणि पर्याय देतात. पण ताप, तोंडात-ओठांवर फोड, लाल डोळे, कातडीचे फुगे किंवा सोलवटणं यांपैकी काहीही दिसलं, तर औषधांच्या बाटल्या पिशवीत घ्या आणि त्याच तासाला मोठं रुग्णालय गाठा. अबाकाविर हे एचआयव्हीवरचं औषध चालू असेल तर जास्त सावध राहा. त्याची अ‍ॅलर्जी एकदा झाली की ते औषध पुन्हा कधीच घ्यायचं नसतं.

आणखी एक अनुभव अनेकांना गोंधळात टाकतो. उपचार सुरू होऊन काही आठवडे होतात, सीडी४ वाढू लागतात आणि नेमकी तेव्हाच नागीण उठते किंवा जुना चट्टा भडकतो. लोकांना वाटतं औषधाने बिघडवलं, आणि ते उपचार सोडतात. खरं तर मुकादम परत आलेला असतो आणि इतके दिवस दबून राहिलेल्या संसर्गावर टोळी एकदम तुटून पडलेली असते. त्यावर वेगळा उपचार करतात. एआरटी बहुतेकदा चालूच ठेवली जाते.

पुढच्या काही महिन्यांत कोंडा आणि मोलस्कम ओसरू लागतात, तोंडातले थर जातात. खाजऱ्या पुटकुळ्या सगळ्यात हट्टी असतात. त्या कमी व्हायला अनेक महिने लागतात, तोवर खाजेच्या गोळ्या, डॉक्टरांनी दिलेलं मलम, लांब बाह्यांचे कपडे आणि मच्छरदाणी यांचा उपयोग होतो. मागे राहिलेले काळे डाग आणखी सावकाश फिके होतात. त्यांच्यासाठी दुकानातली गोरेपणाची क्रीम लावू नये. त्यातल्या काहींमध्ये स्टिरॉइड असतं आणि नाजूक झालेली कातडी त्याने आणखी पातळ होते.